माणसाची तक्रार, आदेशाचं अपील

हडपसरच्या एक आजी आल्या तेव्हा त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एकाच अर्जाच्या चार प्रती होत्या. प्रत्येक प्रतीवर आवक विभागाचा गोल शिक्का. सात वर्षांचा नातू शेजारच्या जिल्ह्यात सापडला, तिथल्या बाल कल्याण समितीने त्याला बालगृहात ठेवलं आणि आजींचं वय पाहून ताबा नाकारला. आदेश होऊन ४१ दिवस झाले होते. "मी सगळीकडे दिलंय हो," त्या म्हणाल्या. दिलं होतं खरं, फक्त जिथे द्यायला हवं होतं ते ठिकाण सोडून.

समिती आणि बाल न्याय मंडळ यांतला फरक एका ओळीत सांगतो. कायदा मोडल्याचा आरोप असलेलं मूल मंडळापुढे जातं आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल समितीपुढे. आणि कृपा करून दोन्हीकडच्या मुलांना 'बालसुधारगृहात' पाठवू नका. बालगृहातल्या पोराने कुणाचं काही बिघडवलेलं नसतं, तरी शेजारीपाजारी "काय केलं होतं त्यानं?" विचारतातच.

खरा घोळ पुढचा आहे. समितीचं काही चुकलं की आपण एकच गोष्ट करतो, तक्रार. ती कशी करायची हे पुणेकराला शिकवायला नको: विषय, संदर्भ, 'महोदय', पोचपावती. समितीच्या कारभाराबद्दलची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, कारण २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तक्रार निवारणाचं काम त्यांना दिलंय. महिन्यात किमान २० दिवस बसायची समिती बसतच नाही, अंतिम निर्णयाला लागतात ते तीन सदस्य हजर नव्हते, कुणी सदस्य अंगावर ओरडला, असं काही असेल तर तिथे जा. सबळ कारणाशिवाय सलग तीन महिने गैरहजर राहणाऱ्या सदस्याला राज्य सरकार चौकशी करून काढूनही टाकू शकतं.

पण सदस्य गेला तरी त्याने सही केलेला आदेश जागेवरच राहतो. नेमकं हेच लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

कल्याणीनगरचं प्रकरण आठवा. १९ मे २०२४ चा अपघात, दोघांचा मृत्यू आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन. राज्यभर संताप उसळला. तिथे मंडळ होतं, समिती नव्हती, पण वाटा दोन होत्या हे तिथे स्वच्छ दिसतं. तो आदेश तीन दिवसांत बदलला तो पोलिसांनी पुन्हा मंडळापुढे अर्ज केल्यामुळे. मुलाला निरीक्षणगृहात ठेवणारे पुढचे आदेश २५ जूनला उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले, तेही याचिकेवर. शासननियुक्त दोन सदस्यांना चौकशीनंतर काढलं ते आणखी काही महिन्यांनी, आणि त्याने कुठल्याही आदेशातला स्वल्पविरामसुद्धा हलला नाही.

म्हणून आदेश मान्य नसेल तर अपील. ते कलम १०१ खाली बाल न्यायालयात करायचं. बाल न्यायालय म्हणजे व्यवहारात सत्र न्यायालयच. पुण्याच्या समितीचा आदेश असेल तर शिवाजीनगरला जा. मुदत आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांची. तुम्ही मंत्र्यांना निवेदन दिलंत, आयुक्तालयात खेटे घातलेत, बाल हक्क आयोगाला लिहिलंत, तरी हे दिवस थांबत नाहीत. आयोग चौकशी करेल, शिफारस करेल. समितीचा आदेश रद्द करणं त्याच्या हातात नाही. दोन अपवाद लक्षात ठेवा. प्रतिपालकत्व (मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) आणि प्रायोजकत्व (मुलासाठी आर्थिक मदत) यांच्या निर्णयांवरचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडेच जातं (घोळ वाढवायला हे पुरेसं आहे). आणि 'या मुलाला काळजी-संरक्षणाची गरज नाही' असं समितीने ठरवलं, तर त्यावर अपीलच नाही. उच्च न्यायालय गाठावं लागतं.

वकिलाच्या फीचं सांगू नका. बाई असेल किंवा मूल असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील फुकट देतं. आधी आदेशाची नक्कल मागा, त्याच दिवशी, लेखी. नक्कल हातात नसताना रागाने लिहिलेल्या सहा पानी तक्रारी मी खूप वाचल्यात. त्यांत सदस्याच्या बोलण्याचं वर्णन साडेपाच पानं असतं आणि आदेशाची तारीख कुठेच नसते.

तक्रार करूच नका असं मी म्हणत नाही. कराच, पण अपील दाखल करून मग. जबाबदारी ठरवा म्हणून मोर्चे काढणाऱ्यांनाही माझी एकच मागणी पुढे रेटायची विनंती आहे. विजेच्या बिलावर तक्रार कुठे करायची ते छापलेलं असतं. समितीच्या आदेशाखालीही 'अपील कुठे, किती दिवसांत' ही एक ओळ आलीच पाहिजे. आजींच्या हातातल्या कागदावर समितीचा शिक्का होता, सह्या होत्या, जावक क्रमांक होता. ती ओळ नव्हती.

उशिराला पुरेसं कारण असेल तर ३० दिवसांनंतरही अपील दाखल करून घेता येतं. विलंब माफीच्या अर्जाला आम्ही त्या चारही पोचपावत्या जोडल्या. चार दारं ठोठावली आणि एकानेही बरोबर दार दाखवलं नाही, हेच कारण लिहिलं. अपील दाखल झालंय, तारखेची वाट पाहतोय.