दचक, अतितीव्र

अचानक झालेला आवाज, स्पर्श वा हालचाल यांमुळे शरीर क्षणार्धात आक्रसण्याची प्रतिक्षेपी क्रिया म्हणजे दचक. ती वाजवीपेक्षा जोरकस असेल आणि सवयीनेही बोथट होत नसेल, तर तिला अतितीव्र म्हणतात. मराठीत दचकणे व धसका घेणे यांची बोलण्यात सरमिसळ होते. मागाहून टिकणारी भीती, म्हणजे धसका, येथे वेगळी धरली आहे.

दचकेत आधी पापण्या मिटतात, मग मान व खांदे आवळतात. हे मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागातून घडते. भीतीची जाणीव मागाहून येते. त्यामुळे दचकणाऱ्याला ‘भित्री भागूबाई’ म्हणणे शास्त्राला धरून नाही. चिंता आणि आघातोत्तर ताणविकार यांत मात्र दचक वाढते.

जन्मजात विकाराला हायपरएक्प्लेक्सिया म्हणतात. १९५८ मध्ये एका स्वीडिश कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध झाले, ते भावनेने येणाऱ्या कोसळण्याच्या झटक्यांचे म्हणून. १९६६ मध्ये डच संशोधकांनी एका मोठ्या घराण्याच्या अभ्यासातून त्याला स्वतंत्र नाव दिले. ग्लायसीन हे मज्जापेशींची उत्तेजना आवरणारे रसायन; ते टिपणाऱ्या ग्राहीच्या जनुकातील दोष १९९३ मध्ये सापडला. कुचल्याच्या (काजऱ्याच्या) बियांतील स्ट्रिक्नीन हेच ग्राही अडवते. विषबाधेत बारीकशा आवाजानेही झटके येतात ते यामुळेच. अमेरिकेच्या मेन राज्यातील ‘उड्या मारणारे फ्रेंच’ (अमेरिकी मज्जातज्ज्ञ बिअर्ड यांचे वर्णन, सु. १८८०), मलायातील ‘लाताह’ व सायबेरियातील ‘मिर्याचित’ या दचकण्याच्या प्रकारांना काहींनी याच माळेत ओवले. परंतु त्यांत दचकण्याबरोबर नक्कल व हुकूम पाळणेही आढळते, आणि वंशपरंपरागत विकारात ते नसते. म्हणून हे प्रकार निराळे व बव्हंशी सांस्कृतिक वळणाचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

हायपरएक्प्लेक्सियाच्या रुग्णाची शुद्ध हरपत नाही. पण अंग ताठरून तो हात पुढे न टेकता ओंडक्यासारखा पडतो, त्यामुळे डोक्याला मार लागतो. अपस्माराशी गल्लत होते ती येथेच. नाकाच्या शेंड्यावर टिचक्या मारल्या तरी प्रत्येक टिचकीला डोके मागे झटकणे, ही निदानाची खूण. क्लोनाझेपाम या औषधाने बहुधा आराम पडतो. तान्ह्या मुलाचा ताठरलेल्या अवस्थेत श्वास अडल्यास त्याचे डोके व पाय हातांनी पोटाकडे दुमडून धरतात. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढण्याची रीत घरोघरी आहे. तिने निदानाला उशीर होऊ नये, इतकेच.

पुण्यात गणेशोत्सवाआधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, पण ती कालसरासरीची. दचकेला सरासरीशी देणेघेणे नसते; तिला आवाजाचा एकाएकी चढ पुरतो. ढोल एकदा लयीत आला की पुष्कळांना तो सोसतो, मात्र गल्लीत फुटलेला एक सुतळी बॉम्ब वा दुचाकीमागून वाजलेला कर्कश हॉर्न सोसत नाही. फटाक्यांची मर्यादा निराळी : फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. घरातल्यांनी पाठीमागून खांद्यावर हात ठेवण्याआधी हाक मारावी. तीही हळू आणि दुरून.