जो रंग खपला नाही, तोच आज महाग: लहान मुलांच्या जुन्या सायकली आणि बेळगाव भाग

लहान मुलांच्या जुन्या सायकली जमवणाऱ्यांचा हिशेब जरा उलटा असतो. जो रंग त्या काळी मुलांनी हट्टाने मागून घेतला, त्याच्या सायकली आजही बऱ्याच सापडतात. ज्या रंगाकडे कुणी फारसं पाहिलं नाही, त्याला मात्र आज भाव आहे.

अमेरिकेतल्या श्विन कंपनीचं उदाहरण या बाबतीत नेहमी दिलं जातं. १९६३ मध्ये तिने 'स्टिंग-रे' बाजारात आणली. वीस इंची चाकं, उंच वळवलेलं हँडल आणि लांबट सीट असलेली ही सायकल तिकडच्या पोरांनी डोक्यावर घेतली. १९६८ पासून त्यातच 'क्रेट' मालिका आली. तिचं पुढचं चाक १६ इंची, मागचं २० इंची आणि गिअरचा दांडा मोटारीसारखा मधल्या दांडीवर. नावंच रंगांवरून पडलेली: नारिंगी ऑरेंज क्रेट, लाल ॲपल क्रेट, पिवळी लेमन पीलर, हिरवी पी पिकर. पुढे १९७० मध्ये पांढरी कॉटन पिकर आली आणि १९७१ मध्ये करडी ग्रे घोस्ट. ही करडी सायकल त्या एकाच वर्षी निघाली. लाल-नारिंगी समोर उभ्या असताना करडा रंग कोणतं पोर मागणार? पण तेव्हा थोड्या निघाल्या म्हणून आज थोड्या उरल्या, आणि क्रेटच्या बाजारात आता सगळ्यात जास्त ओढाताण याच दोन फिक्या रंगांसाठी असते. सांगाडा, चाकं, गिअर सगळं जवळपास तेच; फरक फक्त रंगाचा.

इंग्लंडमध्ये रॅले कंपनीच्या 'चॉपर' सायकलीची गोष्ट थोडी वेगळी. १९७० च्या आसपास ती तिथल्या गल्लीगल्लीत दिसू लागली. कंपनीने २०२३ मध्ये चॉपर पुन्हा काढली, तेव्हा ९५० पौंड किंमत ठेवूनही ती हातोहात गेली. रंग कोणते निवडले, तर जुनेच: इन्फ्रा रेड (लाल) आणि अल्ट्रा व्हायोलेट (जांभळा). म्हणजे दुर्मीळ रंगाला संग्राहक पैसे मोजतो, आणि लहानपणी शेजारच्या पोराकडे पाहिलेल्या रंगाला पन्नाशीतला माणूस. ही दोन गिऱ्हाइकं वेगळी आहेत. जुन्या सायकलींवर बोलताना आपल्याकडे ती नेहमी एकत्र केली जातात, आणि मग भावाचा काही अंदाजच लागत नाही. आणखी एक गोष्ट चटकन सांगून टाकतो: मुलींसाठी म्हणून काढलेल्या सायकलींना (श्विनची फेअर लेडी घ्या) त्याच काळातल्या मुलांच्या सायकलींपेक्षा सहसा कमी किंमत मिळते. हा बाजाराचा पूर्वग्रह आहे, सायकलीचा दोष नाही.

आता आपल्या भागाकडे. बेळगावात सायकलीची गोष्ट सुरू करायची ती किर्लोस्करांपासून. १८८८ च्या सुमारास लक्ष्मणराव आणि रामूअण्णा या भावांनी इथे सायकलींचं दुकान घातलं. पुढे चारा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करून १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले, तरी शहरातला किर्लोस्कर रोड अजून त्यांच्या नावाचा आहे. हेच लक्ष्मणराव त्याआधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखाटनाकडे वळले. सायकलीच्या रंगावर लिहिताना हा योगायोग गाळवत नाही.

अर्थात त्या सायकलींना रंगाचं कौतुक नव्हतंच. काळा इनॅमल, भट्टीत भाजून पक्का केलेला, त्यावर फार तर सोनेरी रेघ. काळा टिकाऊ, स्वस्त आणि मळखाऊ. स्वातंत्र्यानंतर परदेशी सायकलींची आयात आवळली गेली आणि आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळची टीआय, सोनिपतची ॲटलस, लुधियानाची हीरो यांचा जमाना आला. त्यांचाही मुख्य माल मोठ्या माणसांची काळी सायकल हाच. हिरवी रॅले दारात असली की ते घर जरा बरं समजलं जायचं. मुलांसाठी वेगळी सायकल घेणं बहुतेक घरांना परवडणारं नव्हतं. पोरं मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची, नाहीतर दुकानातून तासाच्या भाड्याने लहान सायकल आणायची.

या भाड्याच्या सायकली म्हणजे आपल्याकडच्या संग्राहकाची खरी डोकेदुखी. दुकानदार त्या स्वतःच रंगवायचा, कारण सायकल लांबून ओळखू आली पाहिजे आणि चोरीला गेली तर पटली पाहिजे. लाल, निळा किंवा पोपटी ऑइलपेंट, मडगार्डवर पेंटरने ब्रशने काढलेलं दुकानाचं नाव, खाली नंबर. पुस्तकी नियम लावला तर हा 'ओरिजिनल' रंग नव्हे, आणि नियमाप्रमाणे किंमत उतरते. मला हा नियम इथे पटत नाही. पाट्या मराठीत की कन्नडमध्ये यावरून या भागात जे झालं आहे ते पाहता, मडगार्डवर देवनागरीत रंगवलेलं बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या एखाद्या दुकानाचं नाव हा स्वतःच एक दस्तऐवज आहे. तो खरवडून खालचा कारखान्याचा लाल काढणारा माणूस सायकलीचं नुकसानच करतो.

घरच्या सायकलींचे रंग गेले ते दोन कारणांनी. पहिलं पाऊस. खानापूर, जांबोटी, लोंढ्याच्या पट्ट्यात पावसाळा असा लागतो की पडवीतल्या सायकलीचे रिमही गंजतात. ईशान्येला अथणीकडे हवा कोरडी. तिथे एखाद्या वाड्याच्या माळ्यावर पडलेल्या सायकलीचा मूळ रंग शाबूत मिळण्याची शक्यता जास्त. दुसरं कारण दसरा. खंडेनवमीला अवजारांची, वाहनांची पूजा, आणि पूजेआधी सायकल घासून-पुसून, तेल घालून, जमलं तर रंगाचा हात मारून ठेवायची. धाकट्या भावाकडे सायकल आली की पुन्हा नवा रंग. मोठ्याची लाल, मधल्याची निळी, धाकट्याची परत लाल, आणि सायकल एकच. आता तर बेळगावातल्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीच्या बाजूला पावडर कोटिंग (रंगाची पूड भाजून बसवणं) सहज करून मिळतं. दोनशे अंशांच्या आसपास भाजलेला तो थर गुळगुळीत आणि मजबूत असतो; पण त्याआधी जुना रंग, रेघा, स्टिकर सगळं ब्लास्टिंगमध्ये, म्हणजे वाळूसारख्या कणांच्या माऱ्यात, साफ होतं. सायकल चालवायची असेल तर खुशाल करा. विकायची असेल तर तिथेच निम्मी किंमत गेली असं समजा.

मूळ रंग शोधायचा तर सायकलीच्या झाकलेल्या जागा बघाव्या लागतात. सीटचा दांडा बाहेर काढून नळीच्या तोंडाशी आत पाहायचं. तिथे रंगाचा ब्रश पोहोचत नाही. पुढचा बिल्ला सोडवला की त्याच्या मागे टिकलीएवढा तुकडा तरी पहिल्या दिवसासारखा सापडतो. चेनकव्हरच्या पट्टीखाली आणि पायडलच्या बुशाच्या तळाशी नखाने हलकं खरवडलं की थर एकाखाली एक दिसू लागतात. लाल रंगाबद्दल मात्र सावध राहावं. जुन्या लाल रंगद्रव्यांपैकी काही उन्हात झपाट्याने उडतात. चंदेरी थरावर पारदर्शक रंग चढवलेल्या चकाकत्या सायकली तर आणखी फसव्या. उन्हाच्या बाजूला त्या फिक्या गुलाबी वा नारिंगी होतात आणि विकणारा 'दुर्मीळ गुलाबी' म्हणून सांगतो. बिल्ल्यामागचा रंग पाहिल्याशिवाय अशा गुलाबीला एक रुपयाही जास्त देऊ नये.

गोव्याचंही नाव घ्यायला हवं. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज राज्य होतं आणि परदेशी मालावर भारतासारखी बंधनं नव्हती. त्यामुळे या भागात एखादी रंगीत परदेशी लहान सायकल निघाली, तर ती घाटापलीकडून आली का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारावं.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, विशेषतः पिवळ्या आणि नारिंगीत. अमेरिकेने मुलांच्या वस्तूंवरच्या अशा रंगावर १९७८ मध्ये बंधन आणलं. भारतात घरगुती रंगांसाठी दहा लाखात ९० भागांची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. म्हणून जुन्या तीनचाकीला कोरडा पॉलिशपेपर मारू नये आणि ती रांगत्या पोराच्या हाती देऊ नये. ओल्या फडक्याने पुसून, थोडं मेण चोळून, गंजाच्या जागी तेलाचं बोट फिरवून ठेवली तरी पुरे. पोपडे आहेत तसेच राहू द्यावेत. घेणारा आधी तेच बघतो.