पुराच्या तालावर वाढणारी काडी: आफ्रिकी एलिओकॅरिसची पार्श्वभूमी

एलिओकॅरिस डुल्सिस, म्हणजे पाणथळीत वाढणारी, खाण्याजोगे कंद देणारी लव्हाळ्यासारखी वनस्पती, लावणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो 'मुळे कायम पाण्यात ठेवा' हा. त्यात चूक काही नाही, पण तो अर्धाच आहे. टबातले पाणी वर्षभर एकाच पातळीवर राखले की काही हंगामांत काड्या बारीक पडतात, बेटाचा मधला भाग रिकामा होतो आणि कंद धरत नाहीत. मग खत वाढवले जाते, त्याने फक्त शेवाळ वाढते. खरे कारण समजून घ्यायचे तर ही वनस्पती आफ्रिकेत ज्या पूरमैदानांत रानटी वाढते तिकडे पाहावे लागते, आणि तिथल्या नद्यांवर धरणे आल्यावर तिचे काय झाले तेही पाहावे लागते.

आधी ओळख. एलिओकॅरिस ही मोथा-लव्हाळ्याच्या कुळातली प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा गट. रॉबर्ट ब्राउन यांनी ती १८१० साली वेगळी मांडली. डुल्सिस या जातीची नोंद त्याहून जुनी आहे. निकोलास बुर्मान यांनी १७६८ मध्ये तिचे वर्णन केले, पण तिला अँड्रोपोगॉन या गवतांच्या प्रजातीत बसवले. हिला पाने म्हणावीत अशी पाने नसतात. बुंध्याशी कागदासारखी आवरणे असतात आणि वर सरळसोट हिरवी, पोकळ काडी. अन्न तयार करण्याचे सगळे काम ती काडीच करते. टोकाला दोन ते सहा सेंटीमीटरचे कणीस येते, जाडीला काडीएवढेच, त्यामुळे लांबून ते दिसतही नाही. उंची अर्ध्या मीटरपासून दीड-दोन मीटरपर्यंत जाते.

जातीचा विस्तार आफ्रिकेचा उष्ण भाग, मादागास्कर, दक्षिण आशिया, ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग ते पॅसिफिक बेटे असा प्रचंड आहे. चीनमध्ये निवडला गेलेला मोठ्या, गोड कंदांचा प्रकार 'वॉटर चेस्टनट' म्हणून विकला जातो. तो शिंगाडा नव्हे. शिंगाडा हे पाण्यावर पसरणाऱ्या वेगळ्याच वनस्पतीचे फळ. रानटी आफ्रिकी रोपांचे कंद जेमतेम एक-दीड सेंटीमीटरचे आणि काळपट असतात. चिनी वाणाच्या वर्णनावरून रानटी रोपाकडून कंदांची अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेली.

आफ्रिकेतल्या जुन्या वनस्पती-याद्या वाचताना नावांचा घोळ होतो. डुल्सिस तिथे 'प्लँटॅजिनिया' म्हणून येते, तर तिची सोबतीण अक्युटँग्युला 'फिस्टुलोसा' म्हणून. ओळखायची युक्ती सोपी आहे. काडी दोन बोटांत धरून खालून वर चिमटत न्यावी. गोल काडीत ठरावीक अंतराने आडवे पडदे लागले तर डुल्सिस. काडीला तीन धारदार कडा असतील आणि पडदे जाणवत नसतील तर अक्युटँग्युला. दोघी अनेकदा शेजारी वाढतात. खंडाच्या दक्षिण टोकाकडे लिमोसा आणि ड्रेजियाना या जाती भेटतात. ड्रेजियानाचे नाव १८२६ ते १८३४ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतात वनस्पती गोळा करणाऱ्या योहान फ्रान्झ ड्रेज यांच्यावरून आले आहे. या दोन्ही जाती कंदांसाठी नव्हे, काड्यांच्या बेटासाठी लावतात, आणि दव गोठण्याइतकी थंडी पडणाऱ्या भागात डुल्सिसपेक्षा त्या बऱ्या.

आता पूरमैदान. बोत्स्वानातल्या ओकावांगो त्रिभुज प्रदेशाला २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत हजारावे स्थळ म्हणून जागा मिळाली. तिथला पूर स्थानिक पावसाचा नसतो. अंगोलाच्या उंच प्रदेशात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस वाळू आणि पाणवनस्पतींतून झिरपत, रेंगाळत येतो आणि दक्षिणेकडच्या माउन गावापाशी साधारण जून-जुलैत, म्हणजे भर कोरड्या ऋतूत पोहोचतो. एलिओकॅरिस अशा सावकाश चढणाऱ्या आणि सावकाश उतरणाऱ्या पाण्याच्या उथळ कडेला राहते. पाणी चढते तेव्हा कोरडवाहू गवते बुडून मरतात. एलिओकॅरिसच्या काड्या मात्र पाण्याबरोबर उंच होतात आणि पोकळीतून हवा खाली मुळांपर्यंत पोचवतात. पाणी उतरते तेव्हा उघड्या पडलेल्या गाळावर बी रुजते, मातीत हवा शिरते, कुजलेल्या काड्यांतले अन्न मोकळे होते आणि काड्यांतला साठा खाली कंदांत जातो. माती सुकली तरी कंद झोपून राहतात. चढ आणि उतार यांतला एक टप्पा काढून घेतला की साखळी तुटते.

ही साखळी तुटल्याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या झांबेझी नदीच्या खोऱ्यात मिळते. झांबिया-झिंबाब्वे सीमेवरचे करिबा धरण १९५९ मध्ये उभे राहिले, आणि खाली मोझांबिकमध्ये काओरा बासा धरणाचा जलाशय डिसेंबर १९७४ पासून भरू लागला. त्यानंतर झांबेझीच्या मुखाशी असलेल्या मारोमेउ भागात दरवर्षीचा मोठा पूर दबला आणि कोरड्या ऋतूतला प्रवाह वाढला, कारण वीजनिर्मितीला वर्षभर सारखे पाणी सोडणे सोयीचे. पूरमैदानाचे मोठे तुकडे कोरडे पडले. चिकणमातीला तडे गेले, कोरड्या जमिनीची गवते आत सरकली, मुखाजवळ खारे पाणी आत शिरले. एलिओकॅरिसची बेटे उथळ, ओल टिकणाऱ्या पट्ट्यांपुरती आक्रसली.

याची नोंद वनस्पतीपेक्षा एका पक्ष्यामुळे जास्त झाली. गळ्याशी दोन लोंबत्या पिशव्या असलेला वॅटल्ड क्रेन हा मोठा क्रौंच लांब चोचीने मऊ चिखलातून एलिओकॅरिसचे कंद उकरून खातो. पूर ओसरू लागला की तो घरट्याला बसतो, कारण त्या वेळी पाणी उथळ असते आणि पिल्लांसाठी अन्न हाताशी असते. माती टणक झाली की कंद असूनही चोच आत जात नाही. आज हा पक्षी जागतिक पातळीवर असुरक्षित गटात आहे, आणि त्याच्या अभ्यासकांच्या कामामुळेच एलिओकॅरिस आणि पूर यांच्या नात्याबद्दल बरेच कळले.

झांबियातल्या कफुए फ्लॅट्सची, म्हणजे कफुए नदीच्या पूरमैदानाची, गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे पूरमैदानाच्या दोन्ही टोकांना धरणे आहेत: वर इतेझी-तेझी, खाली कफुए गॉर्ज. खालच्या धरणाच्या फुगवट्याने एक भाग कायम पाण्याखाली गेला, तर वरच्या धरणाने पुराची वेळ आणि उंची बदलली. म्हणजे एकाच मैदानात कुठे कायम पाणी, कुठे अवेळी पाणी. इतेझी-तेझी बांधतानाच दर मार्चमध्ये चार आठवडे सेकंदाला ३०० घनमीटर पाणी सोडून पुराची नक्कल करायची, अशी तरतूद केली होती. कल्पना काळाच्या पुढची होती, पण पूरमैदान भिजवायला एवढे पाणी अपुरेच. नैसर्गिक पूर नुसते पाणी देत नाही, तो पातळी उंचावतो. चार आठवड्यांच्या ठरावीक झोताला ते जमत नाही.

टबातली लागवड म्हणजे हेच गणित लहान प्रमाणात मांडणे. आपण धरणाचे दरवाजे चालवतो, एवढेच.

भांडे साधारण ४० सेंटीमीटर खोल आणि किमान ४५ सेंटीमीटर रुंद हवे, तळाला भोक नको. तळात २० सेंटीमीटर माती: चिकण पोयटा तीन भाग, जाडी वाळू एक भाग. कोकोपीट किंवा पिशवीतले तयार मिश्रण घालू नये, ते तरंगते आणि कुजते. ताजे शेणखत तर अजिबात नको. पाण्याखाली ते कुजताना प्राणवायू संपतो, चिखलाला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि मुळे काळी पडतात. माती आधी ओली करून, दाबून, आठवडाभर मुरू द्यावी. वर दोन सेंटीमीटर जाड वाळूचा थर दिला की गाळ ढवळत नाही.

रात्रीचे तापमान १५ अंशांच्या वर टिकू लागले की लागवड करावी. कंद पाच सेंटीमीटर खोल, कोंब वर करून ठेवावा. ४५ सेंटीमीटरच्या टबात एक किंवा दोन कंद पुरे. बेट आपोआप भरते. सुरुवातीला पाणी मातीवर जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. घाईने टब काठोकाठ भरला की कोंबाला पृष्ठभाग गाठण्याआधीच दम लागतो आणि तो कुजतो. काड्या २० सेंटीमीटर झाल्यावर दर आठवड्याला दोन-तीन सेंटीमीटर पाणी वाढवत १० ते १५ सेंटीमीटरवर न्यावे. ऊन दिवसाला किमान सहा तास हवे. सावलीत काड्या लांब, फिक्या होतात आणि पहिल्या वाऱ्यात लोळतात.

पहिले दीड-दोन महिने आडवी खोडे जमिनीला समांतर धावतात आणि टोकाला नवे फुटवे देतात. दिवस लहान होऊ लागले की पुढची खोडे तिरकी खाली जातात आणि त्यांच्या टोकाला कंद फुगतो. या दोन टप्प्यांत खत वेगळे लागते. फुटव्यांच्या काळात सावकाश विरघळणारी पाणवनस्पतींची गोळी मातीत आठ-दहा सेंटीमीटर खोल दाबावी, महिन्यातून एकदा, तीही बेट फिके दिसले तरच. पाण्यात खत शिंपडले की ते आधी शेवाळाला मिळते. कंदांच्या काळात नत्र थांबवावे, नाहीतर काड्या हिरव्यागार राहतात आणि खाली काही भरत नाही.

मग उतार. काड्यांची टोके पिवळी पडू लागली की पाणी भरणे थांबवावे आणि महिनाभरात पातळी हळूहळू मातीपर्यंत येऊ द्यावी. पाणी एका दिवसात उपसले तर पोकळ काड्या आधाराविना मोडतात. शेवटी माती ओलसर असावी, भेगाळलेली नसावी. लिमोसा-ड्रेजियानाला कंदांचा प्रश्न नाही, पण चार-सहा आठवड्यांचा हा उथळ काळ त्यांनाही मानवतो. त्याच वेळी बेटाचे भाग करावेत. प्रत्येक भागाला किमान पाच-सहा काड्या आणि बोटभर आडवे खोड असू द्यावे.

छाटणीचा नियम एकच, आणि बहुतेक बेटे तो मोडल्याने मरतात: हिरवी किंवा वाळकी, कोणतीही काडी पाण्याच्या पातळीच्या वरच कापावी. काडी म्हणजे खालच्या मुळांची श्वासनळी. पाण्याखाली कापली की तिच्यात पाणी शिरते आणि आडवे खोड गुदमरते. वाळलेली काडीही हवा वाहून नेते, म्हणून पाणी असताना सगळे बेट भुंडे करू नये. साफसफाई पाणी उतरल्यावर.

बाकी तक्रारी थोड्या. नवी काडीच पिवळी येत असेल आणि पाणी अल्कधर्मी असेल तर लोहाची कमतरता समजावी आणि चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह) मातीत द्यावे. जुनी काडी टोकाकडून वाळणे हे वयाचे लक्षण, त्यावर औषध नको. मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा. कीटकनाशक टबातल्या माशांना आणि बेडकांना मारते. उंदीर आणि बदके कंदांचा माग काढतात, त्यासाठी वाळूच्या थराखाली जाळी बसवावी.

बियांपासून रोपे करायची तर बी ओल्या चिखलावर नुसते पसरावे, झाकू नये. त्याला उजेड लागतो, आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फरक असला तर रुजवा बरा होतो. पाण्याखाली पेरलेले बी बहुतेक वाया जाते. रुजायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या वर्षी रोपे केसाएवढी बारीक राहतात, त्यामुळे कंद किंवा फुटवा हाताशी असेल तर बियांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

थंड हवामानात कंद काढून ओलसर वाळूत, पाच ते दहा अंशांत ठेवावेत. पूर्ण कोरडे ठेवले की सुरकुततात आणि पुन्हा फुटत नाहीत. दोन-तीन वर्षांनी टब मोकळा करून सगळ्यात जाड कंद तेवढे परत लावावेत. उरलेली माती आणि आडव्या खोडांचे तुकडे मात्र नाल्यात, तळ्यात किंवा भातखाचरात टाकू नयेत. भातशेतीत ही वनस्पती तण म्हणून बसते, आणि कंदाचा एक तुकडाही पुढच्या हंगामात नवे बेट उभे करतो. उन्हात पूर्ण वाळवून मगच कंपोस्टला द्यावे.