कर्ण्यातून खर्ज: घरी जोडता येणाऱ्या हॉर्न सबवूफरचे विज्ञान

सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे सूर वाजवणारा स्पीकर, घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो "किती वॅटचा?" हाच. खोक्यावरचा आकडा जितका मोठा तितका खर्ज दमदार, हा समज इतका पक्का रुजला आहे की साध्या होम थिएटरच्या खोक्यांवर 'पीएमपीओ ५००० वॅट' असे बिनदिक्कत छापले जात आले. घरातल्या सहा अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला सलग १३८० वॅटपेक्षा जास्त वीज घेताच येत नाही, आणि पीएमपीओ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) हा आकडा कसा मोजायचा याची कोणतीही सर्वमान्य व्याख्या नाही. तो केवळ जाहिरातीचा आकडा आहे आणि ग्राहकाने त्याकडे साफ दुर्लक्ष करावे.

खऱ्या वॅटनेही आवाजाचा पुरता अंदाज येत नाही. वॅट म्हणजे ॲम्प्लिफायरने स्पीकरला दिलेली वीज. तिच्यातली किती ध्वनीत उतरली हे त्यातून कळत नाही. मोकळ्या जागी जमिनीवर ठेवलेल्या एखाद्या स्पीकरने एक वॅट विजेचा पूर्ण एक वॅट ध्वनी केला, तर एक मीटर अंतरावर सुमारे ११२ डेसिबलची पातळी मिळेल. सर्वसाधारण घरगुती सबवूफर एका वॅटला ८८ डेसिबलच्या आसपास देतो. हा २४ डेसिबलचा फरक म्हणजे कार्यक्षमता जेमतेम ०.४ टक्के, उरलेली जवळजवळ सगळी वीज व्हॉइस कॉइल (पडद्याला हलवणारी तारेची गुंडाळी) तापवण्यात जाते. तोच ड्रायव्हर (पडदा, कॉइल आणि चुंबक मिळून होणारा स्पीकरचा मूळ भाग) योग्य कर्ण्यात, म्हणजे हॉर्नमध्ये, बसवून ९८ डेसिबल मिळवता आले, तर जो आवाज काढायला आधी ४०० वॅट लागत होते तो ४० वॅटमध्ये निघतो. हॉर्न सबवूफरचे किट आणून घरी जोडण्याचा खटाटोप करावा तो या दसपटीसाठी.

ही दसपट येते कुठून? कर्णा आवाज 'वाढवतो' असे सर्रास म्हटले जाते, पण लाकडाच्या खोक्यात ऊर्जेचा कोणताही स्रोत नसतो. पडद्याची जी मेहनत एरवी हवेत वाया जाते ती कर्णा कामाला लावतो. ती वाया का जाते हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण सबवूफरच्या रचनेतले जवळजवळ सगळे निर्णय त्याच एका कारणातून निघतात.

बारा इंची ड्रायव्हरच्या पडद्याची कामाची त्रिज्या सुमारे १३ सेंटिमीटर असते, म्हणजे परीघ झाला ८२ सेंटिमीटर. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ८.६ मीटर. पडदा पुढे येतो तेव्हा त्याच्यासमोरच्या हवेवर दाब पडायला हवा, परंतु तरंगाच्या मानाने पडदा इतका लहान आहे आणि त्याची हालचाल इतकी संथ आहे की हवेला दबण्याऐवजी कडेने निसटून जायला भरपूर सवड मिळते. सायकलच्या पंपाची नळी व्हॉल्व्हला न लावता दट्ट्या दाबला तर हाताला जसा काहीच विरोध जाणवत नाही, तशी पडद्याची अवस्था होते. विरोध नाही म्हणजे कामही नाही, कारण काम हे बल आणि अंतर या दोहोंच्या गुणाकारातूनच होते.

हे आकड्यांत मांडता येते. परिघाला तरंगलांबीने भागले की ०.०९५ येतात, त्याचा वर्ग करून निम्मे केले की साधारण ०.००४५. सपाट भिंतीत बसवलेल्या पडद्याला हवेचा जास्तीत जास्त जितका उपयोगी विरोध मिळू शकतो, त्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी विरोध ४० हर्ट्झला मिळतो, असा याचा अर्थ. याच वेळी हवेचे निव्वळ वजन पडद्याला चिकटल्यासारखे मागेपुढे होत असते आणि त्याचा भार या उपयोगी विरोधाच्या सुमारे अठरापट असतो. त्या भारातून ध्वनी निघत नाही, ऊर्जा नुसती दिली-घेतली जाते. शिवाय वर्गाचे नाते असल्यामुळे वारंवारिता निम्मी झाली की विरोध चौथाई होतो, आणि म्हणून तितकाच आवाज राखायचा तर एक सप्तक खाली उतरताना पडद्याची धाव चौपट करावी लागते. खोल खर्जासाठी इतके मोठे चुंबक, इतक्या जाड रबरी कडा आणि इतके वॅट लागतात ते यामुळे.

आता पडद्यासमोर त्याच्याहून अरुंद तोंडाची नळी ठेवू. नळीतल्या हवेला कडेने पळायला जागा नसल्यामुळे ती दबते आणि पडद्याला अंगावर घेण्याजोगा विरोध मिळतो. मात्र नळी अरुंदच ठेवून मध्येच संपवली तर तिच्या तोंडाशी पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. तिथून बहुतेक तरंग परत आत उलटतो. म्हणून नळी हळूहळू रुंद करत न्यायची, इतकी हळू की तरंगाला कुठेही अचानक मोकळीक मिळू नये. गळ्याशी, म्हणजे पडद्याकडच्या अरुंद टोकाशी, दाब जास्त आणि हवेची एकूण ये-जा कमी, तोंडाशी दाब कमी आणि ये-जा जास्त. विद्युत रोहित्र विजेचे जे करते तेच कर्णा ध्वनीचे करतो, म्हणजे दोन टोकांच्या विरोधांचा मेळ घालतो.

रुंदी वाढवण्याचा वेग मात्र मनमानी ठेवता येत नाही. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आज वेब्स्टरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीकरणातून असे निघते की घातांकी, म्हणजे ठरावीक अंतराला क्षेत्रफळ दुप्पट होत जाणाऱ्या, कर्ण्याला वारंवारितेची एक खालची सीमा असते आणि तिच्याखाली गळ्याशी मिळणारा उपयोगी विरोध कोसळतो. सीमा ४० हर्ट्झ हवी असेल तर कर्ण्याचे क्षेत्रफळ दर ४७ सेंटिमीटरला दुप्पट व्हावे, त्याहून वेगाने नाही. गळा २०० चौरस सेंटिमीटरचा धरला आणि तोंडाचा परीघ एका तरंगलांबीइतका हवा हा जुना नियम लावला, तर मोकळ्या आकाशात टांगलेल्या कर्ण्याचे तोंड ५.९ चौरस मीटरचे आणि लांबी जवळजवळ चार मीटर भरते. हे दिवाणखान्यात मावणार नाही हे सांगायला नको.

इथे घराच्या भिंती मदतीला येतात. कर्णा जमिनीवर ठेवला की ध्वनीला पसरायला निम्मे अवकाश उरते आणि निम्मे तोंड पुरते. जमीन आणि एक भिंत मिळाली तर चौथाई. आणि खोलीच्या कोपऱ्यात एक अष्टमांश, म्हणजे साधारण ०.७४ चौरस मीटर. लांबीही अडीच मीटरवर येते. अमेरिकेत आर्कान्सामधल्या होप या गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली स्थापन केलेल्या कंपनीचा कोपऱ्यात ठेवायचा घडीचा (आतला मार्ग दुमडून खोक्यात बसवलेला) कर्णा याच हिशेबावर उभा आहे. त्यात खोलीच्या दोन भिंती कर्ण्याचा शेवटचा भाग म्हणून काम करतात. सबवूफरचा कोपरा निवडताना काहीजण वास्तुशास्त्र काढून बसतात. दिशा ईशान्य की नैऋत्य याने हवेच्या दाबात काडीचाही फरक पडत नाही. भिंती विटांच्या आहेत की पातळ पार्टिशनच्या, आणि कोपऱ्याला लागून दार आहे का, याने पडतो.

तरीही कोपऱ्यातल्या या कर्ण्याचे घनफळ काढले तर ते ४९० लिटर येते. केएलएच या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्या नावातल्या 'एच'चे धनी जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक कठोर नियम आहे: लहान खोके, खोल खर्ज आणि उच्च कार्यक्षमता या तिघांपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. म्हणून जे किट 'कॉम्पॅक्ट' म्हणवते त्यात कशावर तरी पाणी सोडलेले असणारच, आणि ते कशावर हे विकत घेण्याआधी तपासावे. बहुतेक रचनांमध्ये तोंड नियमापेक्षा खूपच लहान ठेवलेले असते आणि मार्गाची लांबी पाव तरंगलांबीइतकी, म्हणजे ४० हर्ट्झसाठी सव्वादोन मीटरच्या आतबाहेर असते. असे खोके आपल्या वारंवारितेच्या पट्ट्याच्या तळाशी खऱ्या कर्ण्यापेक्षा एका बाजूने बंद असलेल्या नळीसारखे घुमते, आणि वर जाताना कर्ण्यासारखे वागू लागते. प्रतिसादात त्यामुळे चढउतार येतात.

याच तडजोडीचा चतुर प्रकार म्हणजे स्पीकर-रचनाकार टॉम डॅनली यांनी पुढे आणलेला टॅप्ड हॉर्न. यात पडद्याची एक बाजू गळ्याशी आणि दुसरी बाजू त्याच कर्ण्याच्या तोंडाजवळ उघडते. दोन्ही बाजूंचे तरंग मुळात परस्परविरुद्ध असतात, पण उदाहरणार्थ २.१ मीटरच्या मार्गातून फिरून येताना ८२ हर्ट्झच्या सुमारास एक तरंग अर्ध्या तरंगलांबीने मागे पडतो, विरुद्धपणा मिटतो आणि दोघांची बेरीज होते. १६३ हर्ट्झजवळ तो पूर्ण तरंगलांबीने मागे पडतो आणि वजाबाकी होते, म्हणून या खोक्याला वरचे सूर द्यायचेच नसतात. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅकबीन यांची हॉर्नरेस्प ही मोफत संगणक प्रणाली ड्रायव्हरचे गुणांक आणि मार्गातली क्षेत्रफळे घालताच हा सगळा आलेख काढून दाखवते. किटमधल्या ड्रायव्हरऐवजी हाताशी असलेला दुसरा बसवण्याचा मोह झाला, तर आधी तो आलेख पाहावा.

जोडणी तशी सोपी आहे, कारण चांगल्या किटमध्ये १५ किंवा १८ मिलिमीटर प्लायचे तुकडे यंत्राने कापलेले आणि खाचा पाडलेले येतात. एक बाजूची फळी जमिनीवर आडवी ठेवून तिच्या खाचांत आतल्या आडफळ्या उभ्या करायच्या, आधी सगळे गोंद न लावता बसवून पाहायचे, मग गोंद लावून क्लँप कसायचे आणि चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे आहेत याची खात्री गोंद ओला असतानाच करायची. घडीच्या वळणांवरचे कोपरे गोल करत बसण्याची गरज नाही. शंभर हर्ट्झलाही तरंगलांबी साडेतीन मीटरच्या जवळ असते आणि तिला दहा सेंटिमीटरचा कोपरा जाणवत नाही. गळती मात्र चालत नाही, विशेषतः गळ्याशी, कारण सर्वात जास्त दाब तिथेच असतो आणि इतक्या कष्टाने मिळवलेला विरोध एका फटीतून निघून जातो. ड्रायव्हर बसल्यावर मध्यम आवाजात ५० हर्ट्झचा एकच सूर सोडावा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून सावकाश फिरवावी. सांधा बंद असेल तिथे धूर सरळ वर चढतो. फट असेल तिथे तो थरथरतो, कापल्यासारखा तुटतो. ती जागा खडूने खूण करून आतून गोंद आणि लाकडाच्या भुशाने भरावी. झाकणाच्या फळीखाली फोमची पट्टी लावावी आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळावेत.

संगीत लावण्यापूर्वी हायपास फिल्टर, म्हणजे ठरावीक सीमेखालचे सूर अडवणारी गाळणी, लावलाच पाहिजे. सीमेखाली गेल्यावर कर्णा पडद्याला धरून ठेवत नाही. आवाज येत नाही, पण पडदा मात्र बेफाम मागेपुढे धावतो आणि कॉइल चुंबकाच्या तळावर आपटते. ४० हर्ट्झच्या खोक्याला ३५ हर्ट्झच्या आसपास दर सप्तकाला २४ डेसिबल उताराचा फिल्टर पुरतो. दुसरी गोष्ट वेळेची. खर्ज २.१ मीटरचा मार्ग आत फिरून येतो, म्हणून तो मुख्य स्पीकरांच्या सुमारे सहा मिलिसेकंद मागे असतो. प्रोसेसरमध्ये मुख्य स्पीकरांना तितका विलंब दिला की मृदंगाची थाप एकसंध ऐकू येते.

आणि शेजाऱ्यांसाठी एक मोजमाप. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा 'ए' भारांकनाने (कानाला कमी ऐकू येणाऱ्या सुरांना कमी मोजण्याच्या पद्धतीने) मोजायची असते, आणि ते भारांकन ४० हर्ट्झच्या सुराला मोजताना जवळजवळ ३५ डेसिबल वजा करते. मीटरवरचा आकडा नियमात बसत असतानाही वरच्या मजल्यावरच्या कपाटाची काच हादरत असू शकते. त्यामुळे इमारतीत राहणाऱ्याने मीटर खर्ज फारसा न वगळणाऱ्या 'सी' भारांकनावर ठेवून भिंतीपलीकडची पातळी मोजावी, खोक्याखाली रबराची जाड चटई घालावी आणि रात्री उशिरा ऐकायचे असेल तर हायपासची सीमा साठ हर्ट्झवर न्यावी.