दिव्यांगांना सहायक साधनांचा शासकीय पुरवठा

चालणे, बसणे, ऐकणे, जेवणे, अंघोळ करणे या रोजच्या क्रिया शरीराच्या मर्यादेमुळे अडू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या साधनांना सहायक साधने म्हणतात. चाकाची खुर्ची (व्हीलचेअर), तीनचाकी सायकल, कुबड्या, कॅलिपर (लुळ्या पायाला आधार देणारी सळ्या-पट्ट्यांची चौकट), कृत्रिम अवयव, श्रवणयंत्र, पांढरी काठी, शौचाची खुर्ची ही त्यांतली नेहमीची. ही साधने सरकारी खर्चाने, मोफत किंवा निम्म्या किमतीत, गरजूपर्यंत पोहोचवण्याच्या भारतातील व्यवस्थेचा कणा म्हणजे केंद्र शासनाची १९८१ पासून चालू असलेली योजना होय. ती तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एडिप’ म्हणून ओळखली जाते.

या व्यवस्थेची मुळे सैनिकी आहेत. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. नागरी बाजूने मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये उभी राहिली. साधनांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र १९७२ मध्ये कानपूर येथे स्थापन झालेल्या भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमाने, म्हणजेच ‘अलिम्को’ या सार्वजनिक उपक्रमाने, हाती घेतले. आज खेड्यातल्या शिबिरात मिळणारी तीनचाकी बहुधा याच कारखान्यातून आलेली असते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने साधने पुरवण्यासाठी योजना आखण्याचे बंधन सरकारांवर घातले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले, आणि त्या कराराला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. साधने मोफत देण्याची तरतूद या कायद्याच्या २४ व्या कलमात आहे; मात्र तिला उत्पन्नमर्यादेची अट कायद्यानेच जोडली आहे, त्यामुळे हक्क म्हणून लिहिलेली ही गोष्ट व्यवहारात दाखला जोडून मागावी लागते.

मागण्याची वाट प्रमाणपत्रापासून सुरू होते. जिल्हा रुग्णालयातील, लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’मधील, वैद्यकीय मंडळ तपासणी करून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवते; बहुतेक लाभांसाठी ती किमान ४० असावी लागते. हे काम आता युडीआयडी या राष्ट्रीय ओळखपत्राच्या ऑनलाइन प्रणालीतून चालते आणि ओळखपत्रावरील पट्टी टक्केवारीनुसार पांढरी, पिवळी किंवा निळी असते. एडिपच्या २०२२ मधील सुधारित नियमांनुसार महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यास साधन पूर्ण मोफत, तर त्यापुढे ३०,००० रुपयांपर्यंत निम्म्या किमतीत मिळते. त्याच कामासाठी मागील तीन वर्षांत कोणत्याही सरकारी वा संस्थात्मक मार्गाने साधन घेतलेले नसावे, अशीही अट असते. बारा वर्षांखालील मुलांसाठी ती एका वर्षावर आणलेली आहे, कारण मूल वाढते आणि साधन वाढत नाही. नियमावलीतल्या मोजक्या शहाण्या कलमांपैकी हे एक म्हणावे लागेल.

प्रत्यक्ष पुरवठा मुख्यतः शिबिरांतून होतो आणि शिबिरे दोन असतात. पहिले तपासणी व मोजमापाचे, दुसरे वाटपाचे; मधे काही महिने जातात. मोजमाप शिबिर तालुक्याच्या एखाद्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात भरते. दाराशी नोंदणीचे टेबल, आत कागदपत्रांचे, आणि शेवटी कृत्रिम अवयव तज्ज्ञाचे. कोणी मुलाला कडेवर घेऊन आलेले, कोणी टेम्पोतून उतरलेले, आणि प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, प्रमाणपत्र आणि दोन फोटो. ज्याचा पाय गुडघ्याखाली गेला आहे त्याच्या उरलेल्या पायाला प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला जातो, म्हणजे तिथे खरोखर मोजमाप होते. खुर्ची मागणाऱ्याची मात्र अनेकदा फक्त ‘लहान’ किंवा ‘मोठी’ एवढीच नोंद होते.

या व्यवस्थेची खरी अडचण इथेच आहे. चाकाची खुर्ची वर वर पाहता फर्निचरसारखी दिसते, पण ती अंगावर बेतायची वस्तू आहे. बैठकीची रुंदी नितंबांपेक्षा जराशीच जास्त हवी. त्याहून जास्त झाली की माणूस एका बाजूला कलतो, पाठीचा कणा वाकडा होतो आणि चाकांपर्यंत हात पुरत नाहीत. पायाची फळी खाली राहिली तर पाय लोंबतात, वर आली तर सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो. मणक्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली संवेदना नसल्याने तो भार जाणवत नाही, कातडी काळवंडते आणि दाबव्रण होतो, जो भरायला कधी महिने लागतात. म्हणून अशा व्यक्तीसाठी दाब विभागणारी गादी ही चैनीची गोष्ट नसून खुर्चीइतकीच आवश्यक असते, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलण्याची सवयही शिकवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये साधनसंपत्ती मर्यादित असलेल्या प्रदेशांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तपासणी, नेमके साधन लिहून देणे, अंगाला बसवून पाहणे, वापराचे शिक्षण आणि नंतरची देखरेख अशा पायऱ्या मांडल्या आहेत. वाटप शिबिरात यांपैकी शेवटच्या तिन्हींना वेळ उरत नाही. नाव पुकारले जाते, फोटो निघतो आणि खुर्ची टेम्पोत चढते.

घरी पोहोचल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. अठरा इंची बैठकीची घडीची खुर्ची बाहेरून चाकांसह साधारण पंचवीस इंच भरते, आणि आपल्याकडच्या संडास-न्हाणीघराचे दार अनेकदा जेमतेम दोन फुटी असते. उंबरा, अंगणातली पायरी आणि पावसाळ्यातला चिखल, ज्यात पुढची लहान चाके रुततात, हेही आहेच. घरातील दार रुंद करणे, उतार बांधणे, भिंतीला धरायचा दांडा लावणे हे एडिपच्या कक्षेत येत नाही, कारण योजना वस्तूची आहे, घराची नाही.

यामागे इतिहास आहे. योजना आखली गेली तेव्हा पोलिओने पाय लुळे झालेले पण हात भक्कम असलेले लाभार्थी मोठ्या संख्येने होते, आणि हाताने पायडल फिरवायची तीनचाकी त्यांच्यासाठी उत्तम होती. तिच्यावर बसून लोकांनी पानटपऱ्या चालवल्या, कॉलेज केले. भारतातील जंगली विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. आता रांगेत अपघातात मणका गेलेले तरुण, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेली मुले, अर्धांगवायूचे रुग्ण असतात. त्यांतल्या कित्येकांना ती तीनचाकी हाकता येत नाही. हातही कमजोर असलेल्यांसाठी विजेवर चालणारी तीनचाकी योजनेत आली. तिच्यासाठी अनुदानाची मर्यादा सुरुवातीला २५,००० रुपये होती, ती नंतर वाढवली गेली. उरलेली रक्कम खासदार निधी किंवा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून भरण्याची रीत आहे.

रोजच्या जगण्यातील लहान साधनांकडे लक्ष त्या मानाने कमी जाते. त्यांचे फोटोही चांगले येत नाहीत. एक अपवाद कुष्ठरोगातून बरे झालेल्यांसाठीच्या, रोजच्या वापराच्या साधनांच्या संचाचा. रोग बरा झाला तरी हातापायांची गेलेली संवेदना परत येत नाही, त्यामुळे तापलेल्या पेल्याने बोट भाजले तरी कळत नाही आणि चपलेत शिरलेला खडा दिवसभर टोचत राहतो. आखडलेल्या बोटांत धरता येईल असा जाड मुठीचा चमचा ही अशा माणसाची खरी गरज. त्याच्या तळव्यांसाठी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या ‘एमसीआर’ चपला दिल्या जातात. एमसीआर चपला हा शब्द महाराष्ट्रातील कुष्ठसेवेच्या वर्तुळात घरगुती झालेला आहे.

महाराष्ट्रात केंद्राच्या योजनेला स्थानिक जोड आहे. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सर्व स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते आणि तिच्यातून साधनेही घेता येतात. ग्रामसभेत हा निधी कुठे खर्च झाला असे विचारणारा एक जरी माणूस गावात असेल तर तो खर्च होतो, असा अनुभव कार्यकर्ते सांगतात. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला. आयुक्तालय पुण्यात आहे. वृद्धांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे आणि तिच्यात काठी, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची वस्तुरूपाने मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत मात्र ३,००० रुपये थेट बँक खात्यात जमा होतात. पैसे हाती आले तर निवड आपली राहते, पण तेवढ्या रकमेत अंगाला बेतलेली खुर्ची येत नाही.

दुरुस्तीचा भाग सर्वांत दुबळा आहे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेची खुर्ची सेवेच्याच मालकीची राहते, वापरणाऱ्याला ती दीर्घ मुदतीसाठी उसनी मिळते आणि बिघाड झाल्यास सेवेचाच माणूस ती नीट करतो. आपल्याकडे खुर्ची वाटपाच्या दिवशी लाभार्थ्याची होते, आणि तिच्याबरोबर तिची दुरुस्तीही त्याची होते. हाताच्या तीनचाकीची साखळी, ट्यूब आणि स्पोक गावातला सायकलवाला बदलून देतो. विजेच्या तीनचाकीची बॅटरी काही वर्षांनी बसते तेव्हा तिच्या किमतीइतके पैसे घरात नसले, तर गाडी गोठ्याच्या आडोशाला उभी राहते आणि नव्या अर्जाची मुदत होईपर्यंत तिथेच राहते.