जुलैत कॅनव्हासच्या पाचरी ठोकू नका

बडोद्यात पाऊस स्थिरावला की चित्र काढणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली: ताणून बसवलेला कॅनव्हास ढिला पडला. उपायही ठरलेले. चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हातोडीने आत सरकवायच्या, नाहीतर मागून ओला स्पंज फिरवायचा. कारण विचारलं तर, 'दमट हवेत कापड सैल होतं.' नेमकं उलट आहे.

सुती किंवा लिननचं कापड ओलाव्याने आवळतं. तंतू पाणी पितो तेव्हा फुगतो, पण आडवा. पूर्ण भिजलेला कापसाचा तंतू जाडीत वीसेक टक्के वाढतो, लांबीत जेमतेम टक्काभर. आता वीण पाहा. ताण्याचा म्हणजे उभा दोरा बाण्याच्या म्हणजे आडव्या दोऱ्यांच्या वरून-खालून नागमोडी जातो. टेबलावर पेन्सिलींची ओळ मांडून तिच्यातून असाच दोरा ओवा आणि मग पेन्सिलींच्या जागी जाड मार्कर घाला. दोऱ्याची दोन्ही टोकं आत ओढली जातील. बाणा जाड झाला, वळसा लांबला, दोरा मात्र तेवढाच. म्हणून कापड आखडतं. ताण्यामुळे बाण्याचंही तेच होतं. एकोणिसाव्या शतकातल्या घट्ट विणीच्या काही युरोपीय कॅनव्हासांना पाणी लागलं, तेव्हा कापड इतकं आखडलं की वरचा रंग जागोजागी उचलला गेला.

मग ढिलं पडतं ते काय? सरस.

तेलरंग ज्यात कालवतात ते जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, आणि या खटाटोपात तयार होणारी आम्लं कापडाच्या तंतूंतल्या सेल्युलोजला खातात. (ज्या झाडापासून लिनन, त्याच्याच बियांचं हे तेल!) रंग थेट कापडावर लावला तर काही वर्षांत कापड ठिसूळ होतं. म्हणून जुन्या पद्धतीत आधी सरसाचा पातळ हात, त्यावर सरसात कालवलेली खडूची पूड. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतलं कोलॅजन. दमट हवेत ते मऊ पडतं, कोरड्या हवेत आक्रसतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेतल्या मॅरियन मेक्लेनबर्ग यांनी हे ताण मोजले. कोरड्या हवेत चित्रातला बराचसा ताण हा कागदाहून पातळ थर पेलतो, कापड नव्हे. आर्द्रता चढू लागली की सरसाचा ताण उतरत जातो आणि 80 टक्क्यांच्या पुढे जवळपास संपतो. कापडाचं आखडणं त्या सुमारास कुठे जोर धरतं. मधल्या टप्प्यात दोघांपैकी कुणीच ओढत नाही आणि कॅनव्हास लोंबतो.

अशा वेळी पाचर ठोकली की चौकट मोठी झाली. पुढे मार्चच्या कोरड्या दुपारी आर्द्रता तिशीच्या खाली जाते, सरस आक्रसू पाहतं, चौकट हलत नाही. ताण कोपऱ्यांत साठतो आणि तिथेच तिरप्या भेगा पडतात. झिंक व्हाइट हा पांढरा रंग जास्त वापरला असेल तर आधी, कारण तो रंग फार ठिसूळ होतो. तडकलेलं चित्र घरात अशुभ, असं वास्तुवाले सांगतात. त्यांना हातोडी दाखवावी. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून 14 पौराणिक चित्रं करून घेतली, तीही तेलरंगातलीच. असल्या चित्रांच्या दालनात आर्द्रता स्थिर ठेवण्याचा आग्रह असतो तो यासाठी. ओल्या स्पंजाने कापड तात्पुरतं आवळतं खरं, पण सरसही भिजतं आणि रंगाची पकड सुटू लागते.

नवा कॅनव्हास ताणताना ताणा-बाणा चौकटीच्या कडांना समांतर ठेवा. प्रत्येक बाजूच्या मध्यापासून, समोरासमोर बारीक खिळे मारत कोपऱ्यांकडे जा. सरस लावणार असाल तर कापड नुसतं सपाट बसेल एवढंच ओढा, बाकीचं वाळणारं सरस ओढून घेतं. हल्ली सरसाऐवजी मिळणारा ॲक्रिलिक गेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचा तयार लेप, हवेतल्या ओलाव्याला इतका बधत नाही. थंडीत तो कडक होतो, पण बडोद्यात तेवढी थंडी कुठली! डब्यावरच्या 'म्युझियम क्वालिटी'ला फार भुलू नका. पातळ दोन हात द्या, पहिला पुरता वाळल्यावर दुसरा आडवा.