सूर नाही म्हणून नव्हे, पट्टी चुकली म्हणून

शाळा सुरू झाल्या की आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो. पोरीला गाणं लावू की पेटी, आणि यंदा नाही लावलं तर उशीर होईल का? परवा शेजारच्या वहिनींनी तो विचारला तेव्हा त्या अगदी खट्टू झाल्या होत्या. सात वर्षांच्या लेकीला एका क्लासमधून महिन्याभरातच सांगण्यात आलं होतं, "हिला सूर नाही."

मी एक संध्याकाळ तिच्याबरोबर जाऊन बसले. शिकवणारे गृहस्थ मनापासून शिकवत होते. पेटीवर काळी एकचा, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज धरून ते स्वतः तो 'सा' लावायचे आणि पोरं मागून म्हणायची. हिचा आवाज त्या 'सा'च्या वर कुठेतरी चाचपडायचा, मग खाली उतरू बघायचा आणि घशातच विरायचा. ती मान खाली घालून फ्रॉकची किनार मुडपत होती.

पुरुषाच्या गळ्यातला काळी एकचा षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपनं. सात वर्षांच्या मुलीचे स्वरतंतू जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतात. मोठ्या पुरुषाचे त्याच्या दीडपट ते दुप्पट, शिवाय जाड. आखूड आणि पातळ तार वरच बोलते, सतारीवर आणि गळ्यातही. या वयाचं मूल नुसतं बोलतं तेच २५० ते ३०० कंपनांच्या आसपास. १३९ चा सूर त्याच्या गळ्यात नसतोच. तोच सूर एक सप्तक वर उचलायचा असतो हे आपल्याला सवयीनं कळतं, पण लहान मुलाला ती उडी शिकावी लागते. तोवर ते मधेच कुठेतरी अडकतं आणि आपण त्याला बेसूर ठरवून मोकळे होतो.

प्रयोगांतही हेच दिसलं आहे. लहान मुलं पुरुषी आवाजापेक्षा बाईच्या आवाजाशी सूर जास्त नेमका जुळवतात आणि बरोबरीच्या मुलाच्या आवाजाशी त्याहून चांगला. उपजतच स्वरांतला फरक न कळणारी माणसं शंभरात एक-दोन निघतात. बाकीच्यांचा कान ठीक असतो, पण कानानं ऐकलेलं गळ्यानं नेमकं काढायची सवय झालेली नसते.

म्हणून क्लास निवडताना फी आणि परीक्षांच्या आधी मी एकच विचारीन: मुलांची पट्टी, म्हणजे त्यांचा 'सा' कुठल्या सुरावर धरायचा ते, कसं ठरवता? काळी चार किंवा पाचवर एकेकाचा आवाज तपासून बघणारा शिक्षक मिळाला तर दोन गल्ल्या लांब जावं लागलं तरी जा. मुलगा बारा-चौदा वर्षांचा झाला की आवाज फुटतो आणि साधारण सप्तकभर खाली येतो. तेव्हाही क्लास सोडवू नये. पट्टी उतरवावी, आवाजावर जोर देऊ नये.

उशिराची भीती मुख्यतः एका गोष्टीवरून आली आहे. कुठलाही सूर ऐकून, दुसऱ्या सुराचा आधार न घेता, त्याचं नाव सांगण्याची क्षमता बहुतेक सहा-सात वर्षांच्या आत शिकायला लागलेल्यांमध्येच आढळते. पण आपल्या संगीतात षड्ज ज्याचा त्याचा असतो. त्या षड्जापासून गंधार किती, पंचम किती, हे अंतर कळलं की झालं, आणि ते कुठल्याही वयात शिकता येतं.

गाण्यानं गणित सुधारतं, हे मात्र डोक्यातून काढून टाका. त्यामागे १९९३ चा एक छोटा प्रयोग आहे. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, तर आकृत्यांच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. तो परिणाम पंधरा मिनिटंही टिकला नाही. गाणं गाण्यासाठी शिकवावं. मला तेवढं कारण पुरेसं वाटतं.

आता मोठ्यांचं. पन्नाशीत पेटी घेऊन बसणाऱ्यांना मी १९९५ चा एक प्रयोग आवर्जून सांगते. कधीही पियानो न वाजवलेल्या मोठ्या माणसांनी पाच दिवस, रोज दोन तास, पाच बोटांचा एक पलटा घोटला. तेवढ्यात मेंदूतला बोटं हलवणारा भाग विस्तारलेला दिसला. ज्यांनी बोटं न हलवता तोच पलटा नुसता मनात वाजवला, त्यांच्याही मेंदूत तसाच बदल दिसला. म्हणजे केएमटीच्या बसमध्ये बसून मनातल्या मनात अलंकार म्हटला तरी तो रियाजच. बोटांनी शिकलेलं रात्रीच्या झोपेत पक्कं होतं, म्हणून रविवारच्या दोन तासांपेक्षा रोजची वीस मिनिटं धरा.

आवाज पूर्वीसारखा राहिला नाही म्हणणाऱ्यांनी थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांना आठवावं. अतिगाण्यानं त्यांचा आवाज गेला, परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या आवाजाला पेलेल अशी पेचदार लयीची गायकी त्यांनी घडवली. तीच जयपूर-अत्रौली गायकी, शाहू महाराजांच्या आश्रयानं आपल्या कोल्हापुरात रुजलेली.

वहिनींच्या लेकीला आम्ही पेठेतल्याच एका बाईंकडे नेलं. त्यांनी मिरजेचा तानपुरा आधी काळी चारला लावला, मग अर्धा सूर चढवला, आणखी अर्धा चढवला. काळी पाचला पोरीचा 'सा' तारांत असा मिसळला की तिचा वेगळा आवाज ऐकूच येईना. ती दचकून थांबली आणि बाईंना म्हणाली, "परत लावू?"